गुप्त पापाची कबुली आणि क्षमा (ख्रिस्ती धर्म)

गुप्त पापाची कबुली आणि क्षमा ही ख्रिस्ती धर्माच्या आचारविचारांतील एक मूलभूत संकल्पना आहे. इतरांना ठाऊक नसलेले किंवा हेतुपुरस्सर दडवून ठेवलेले दुष्कृत्य परमेश्वरासमोर आणि आवश्यक तेथे माणसांसमोर मान्य करणे, त्याविषयी मनापासून पश्चात्ताप करणे, झालेल्या हानीची शक्य तितकी भरपाई करणे आणि येशू ख्रिस्ताच्या द्वारे मिळणारी क्षमा स्वीकारून नव्या जीवनास आरंभ करणे, असा तिचा सर्वसाधारण क्रम सांगितला जातो. रोमन कॅथलिक व ऑर्थोडॉक्स पंथांत या क्रमास संस्काराचे स्वरूप आहे. प्रोटेस्टंट पंथांत सामुदायिक कबुली, वैयक्तिक प्रार्थना आणि पाळकाशी किंवा विश्वासू सहधर्मीयाशी होणारे संभाषण यांतून तो पाळला जातो. महाराष्ट्रातील या परंपरेचे सर्वाधिक परिचित उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये इ.स. १९०५ साली झालेले धार्मिक पुनरुज्जीवन होय.

संज्ञा आणि मराठी पर्याय

या विषयाची मराठी परिभाषा अनेक स्रोतांतून घडली आहे. ‘पाप’, ‘पश्चात्ताप’, ‘अनुताप’, ‘क्षमा’ आणि ‘प्रायश्चित्त’ हे शब्द संस्कृतातून व संतवाङ्मयातून ख्रिस्ती मराठीत आले. ‘कबुली’ हा शब्द अरबी मुळाचा असून न्यायालयीन व्यवहारामुळे मराठीत रुळला. गोव्यातील कोकणी कॅथलिक समाजात धर्मगुरूजवळ केलेल्या पापकबुलीस ‘कुमसार’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे.

यांपैकी ‘प्रायश्चित्त’ या शब्दाचा अर्थ ख्रिस्ती वापरात लक्षणीय रीतीने बदलला. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त म्हणजे अपराध करणाऱ्याने स्वतः करावयाचे शुद्धिकर्म. मराठी बायबलमध्ये मात्र हाच शब्द ख्रिस्ताने मानवाच्या पापांसाठी केलेल्या आत्मार्पणासाठी योजलेला आहे. त्यामुळे मराठी ख्रिस्ती वाचकापुढे एक प्रश्न नेहमीच उभा राहिला : अपराधाचे मोल अपराध्याने भरावयाचे, की ते आधीच भरले गेले आहे? ख्रिस्ती शिकवणीचे उत्तर असे, की परमेश्वराशी तुटलेला संबंध जोडण्याचे मोल ख्रिस्ताने भरले आहे. तथापि ज्या माणसाची हानी झाली, त्याचे देणे अपराध्याकडेच राहते.

नव्या करारात पश्चात्तापासाठी ‘मेटानोइया’ हा ग्रीक शब्द येतो. त्याचा शब्दशः अर्थ मनाचे परिवर्तन असा आहे. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत त्याच आशयासाठी ‘परत फिरणे’ या अर्थाचे क्रियापद वापरले जाते. म्हणून या संकल्पनेत केवळ दुःख वाटणे पुरेसे समजले जात नाही. दिशा बदलणे अपेक्षित असते.

बायबलमधील आधार

जुना करार

यहोशवाच्या पुस्तकात आखान नावाच्या माणसाची कथा आहे. त्याने यरीहोच्या लुटीतील निषिद्ध वस्तू आपल्या तंबूत जमिनीत पुरून ठेवल्या. त्याच्या अपराधाचे परिणाम साऱ्या समाजाला भोगावे लागले. एकट्याने गुप्तपणे केलेले कृत्य एकट्यापुरते राहत नाही, हा या कथेचा आशय मानला जातो.

या विषयाची मध्यवर्ती कथा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात येते. दावीद राजाने आपला सैनिक उरीया याची पत्नी बथशेबा हिच्याशी संबंध ठेवला आणि ते झाकण्यासाठी उरीयाला युद्धाच्या आघाडीवर पाठवून त्याचा मृत्यू घडवून आणला. प्रकरण मिटले असे वाटत असताना नाथान संदेष्ट्याने राजाला एक दृष्टान्त सांगितला : अनेक मेंढरे असलेल्या एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक कोकरी हिरावून घेतली. राजा संतापला आणि त्याने त्या श्रीमंतास दोषी ठरविले. तेव्हा तो मनुष्य आपणच आहोस, हे नाथानाने त्याच्या निदर्शनास आणून दिले. दावीदाने अपराध मान्य केला व त्याला क्षमा मिळाली. परंतु मेलेला उरीया परत आला नाही आणि राजाच्या घराण्यात कलह वाढत गेला. क्षमा मिळाली तरी कृत्याचे परिणाम पुसले जात नाहीत, हे या कथेत स्पष्टपणे मांडलेले आहे. स्तोत्रसंहितेतील ५१वे स्तोत्र परंपरेने दावीदाच्या या पश्चात्तापाशी जोडले जाते, तर ३२व्या स्तोत्रात पाप मनात दाबून ठेवल्याने होणारी शारीरिक व मानसिक झीज वर्णिली आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात याची व्यावहारिक बाजूही आढळते. गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातील विधीनुसार दुसऱ्याची हानी करणाऱ्याने आपला दोष कबूल करून मूळ मूल्य आणि त्यावर एक पंचमांश अधिक रक्कम हानी झालेल्या व्यक्तीस द्यावयाची असते.

नवा करार

लूककृत शुभवर्तमानात जक्कय या जकातदाराची कथा येते. जकातीच्या वसुलीतून श्रीमंत झालेल्या या माणसाच्या घरी येशू स्वतः होऊन पाहुणा म्हणून गेला. त्यानंतर जक्कयाने आपली निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना फसविले त्यांना चौपट परत करण्याचे जाहीर केले. येथे स्वीकार आधी आणि भरपाई नंतर असा क्रम आहे. भरपाई ही क्षमेची किंमत म्हणून येत नाही, तर क्षमेचे फळ म्हणून येते. त्याच शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातही मुलगा कबुलीचे शब्द पुरे करण्याआधीच बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो.

पेत्र आणि यहूदा इस्कर्योत यांची तुलना या विषयाच्या विवेचनात वारंवार केली जाते. दोघांनीही आपल्या गुरूचा विश्वासघात केला आणि दोघांनाही त्याचे दुःख झाले. यहूदाने घेतलेली चांदीची नाणी परत केली, पण त्याच्या दुःखाची परिणती निराशेत व आत्मनाशात झाली. पेत्र मात्र इतर शिष्यांच्या संगतीत राहिला. योहानकृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात, कोळशाच्या विस्तवाशेजारी, येशू त्याला तीन वेळा आपल्यावरील प्रेमाविषयी विचारतो आणि तीन वेळा जबाबदारी सोपवितो. पेत्राने येशूला नाकारले तेही अशाच विस्तवाशेजारी आणि तीनच वेळा. ख्रिस्ती भाष्यकार या कथांमधून अनुताप आणि निराशा यांतील भेद विशद करतात.

याकोबाच्या पत्रात परस्परांजवळ पापे कबूल करण्याचा उपदेश आहे, तर योहानाच्या पहिल्या पत्रात कबुली देणाऱ्यास क्षमा व शुद्धी यांचे आश्वासन आहे. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात, आपल्याविरुद्ध कोणाचा आक्षेप असल्यास वेदीवरील अर्पण तसेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे सांगितले आहे.

ऐतिहासिक विकास

आरंभीच्या शतकांत गंभीर पापांसाठी प्रायश्चित्त सार्वजनिक व दीर्घकाळ चालणारे असे. इ.स. २५०च्या सुमारास रोमन सम्राट डेसियस याच्या काळातील छळात अनेक ख्रिस्ती लोकांनी जीव वाचविण्यासाठी रोमन देवतांना बली अर्पण केले किंवा तसे केल्याचा दाखला मिळविला. छळ थांबल्यावर अशा लोकांना पुन्हा मंडळीत घ्यावे काय, हा वाद उद्भवला. नोव्हेशियन याने त्यांना परत घेण्यास विरोध केला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने योग्य प्रायश्चित्तानंतर त्यांना स्वीकारण्याची भूमिका घेतली. अखेरीस दुसरी भूमिका मान्य झाली.

इ.स. ४००च्या सुमारास ऑगस्टीन याने ‘कन्फेशन्स’ हा आत्मचरित्रात्मक ग्रंथ लिहिला. लहानपणी केवळ चोरीच्या आनंदासाठी पेअरची फळे चोरल्याच्या प्रसंगाचे त्याने केलेले विश्लेषण प्रसिद्ध आहे. सहाव्या-सातव्या शतकांपासून आयर्लंडमधील मठवासीयांच्या प्रभावाने खासगी कबुलीची पद्धत युरोपात पसरली. इ.स. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून किमान एकदा कबुली द्यावी, असा नियम केला आणि कबुलीची गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूस कठोर दंड सांगितला.

मार्टिन ल्यूथर याने इ.स. १५१७ साली पापदंडमुक्तिपत्रांच्या विक्रीवर टीका केली. क्षमा विकत घेता येत नाही आणि पश्चात्ताप ही आयुष्यभराची वृत्ती आहे, हा त्याच्या प्रतिपादनाचा गाभा होता. खासगी कबुलीची प्रथा मात्र त्याने नाकारली नाही. ट्रेंट परिषदेने इ.स. १५५१ साली कॅथलिक शिकवणीची पुनर्मांडणी केली. जॉन वेस्ली याच्या मेथॉडिस्ट चळवळीत इ.स. १७३८पासून लहान गटांत एकमेकांना आपले दोष सांगण्याचे नियम घालून दिले गेले. विसाव्या शतकात जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बॉनहोफर याने इ.स. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइफ टुगेदर’ या पुस्तकात असे मांडले, की लपविलेले पाप माणसाला समाजापासून एकटे पाडते आणि दुसऱ्या माणसासमोर दिलेली कबुली हा एकटेपणा मोडते.

विविध पंथांतील रीती

कॅथलिक पंथात या संस्काराची चार अंगे मानली जातात : अनुताप, धर्मगुरूजवळ कबुली, पापविमोचन आणि धर्मगुरूने सांगितलेले प्रायश्चित्त. इ.स. १९७३ साली या संस्काराचा सुधारित विधी प्रसिद्ध झाला आणि त्यात समेटाच्या आशयावर अधिक भर देण्यात आला. कबुलीत ऐकलेले काहीही धर्मगुरू कोणत्याही कारणास्तव उघड करू शकत नाही. राखेच्या बुधवारपासून सुरू होणारा उपवासकाळ कबुलीसाठी विशेष महत्त्वाचा समजला जातो.

ऑर्थोडॉक्स पंथांत कबुली ख्रिस्ताच्या प्रतिमेसमोर दिली जाते. धर्मगुरू साक्षीदार व वैद्य यांच्या भूमिकेत असतो. अँग्लिकन आणि तिच्याशी संबंधित मंडळ्यांत उपासनेतच सर्वांनी मिळून म्हणावयाची सामान्य कबुली असते. इतर प्रोटेस्टंट मंडळ्यांत वैयक्तिक प्रार्थना, पाळकाशी बोलणे आणि मंडळीसमोर ‘साक्ष’ देणे या रीती आढळतात.

महाराष्ट्रातील परंपरा

आरंभ

मराठी भाषेत ख्रिस्ती पश्चात्तापाची परिभाषा घडविण्यात फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे कार्य पायाभूत आहे. इ.स. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने ओवीछंदात ‘क्रिस्तपुराण’ रचले व ते इ.स. १६१६ साली प्रसिद्ध झाले. बायबलमधील कथा पुराणाच्या शैलीत सांगितल्यामुळे पाप, अनुताप आणि तारण या कल्पना ऐकणाऱ्याच्या परिचित भाषेत पोहोचल्या. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग व भजन या रूपांत ख्रिस्ती भक्ती व्यक्त केली. शरणागती, अनुताप आणि पतितास मिळणारा आधार हे त्यांच्या काव्याचे प्रमुख विषय आहेत. टिळकांनी संतकाव्यातून ख्रिस्ताकडे येण्याचा आपला मार्ग कधी लपविला नाही.

जुन्नर व आंबेगाव

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके सह्याद्रीच्या कुशीत, कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेले आहेत. अँग्लिकन परंपरेतील चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जुन्नर येथे आपले केंद्र सुरू केले. उपासनेतील सामुदायिक कबुली ही अँग्लिकन परंपरेची ओळख असल्याने, या मिशनच्या मंडळ्यांत पापकबुली मुख्यतः त्याच रूपात होती. इ.स. १९७० साली नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि महाराष्ट्रातील अँग्लिकन मंडळ्या तिच्यात समाविष्ट झाल्या.

या प्रदेशात दोषकबुलीची परंपरा ख्रिस्ती धर्माच्या आगमनाहून फार जुनी आहे. जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक लेणी असून त्यांतील बहुसंख्य बौद्ध आहेत. बौद्ध भिक्षुसंघात दर पंधरवड्याच्या उपोसथाच्या दिवशी ‘पातिमोक्ख’ म्हणजे विनयनियमांचे पठण होई आणि दोष घडलेल्या भिक्षूने तो सांगून शुद्ध व्हावे, अशी अपेक्षा असे. जैन परंपरेत आलोचना व प्रतिक्रमण या विधींतून दोषांची कबुली दिली जाते आणि क्षमायाचना केली जाते. वारकरी संप्रदायाचा या भागावर दाट प्रभाव आहे. ज्ञानदेवांनी वेद वदविलेल्या रेड्याची समाधी आळे येथे, तर तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूर येथे असल्याचे परंपरा मानते. वाल्या कोळ्याची कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. पापाचे वाटेकरी होण्यास कुटुंबीयांनी दिलेला नकार हा तिच्यातील कलाटणीचा क्षण होय. अपराध्याचे एकटेपण आणि त्यातून निघण्याचा मार्ग हा विषय त्यामुळे मराठी श्रोत्यास परका नव्हता. ख्रिस्ती शिकवणीचे वेगळेपण तिने या एकटेपणावर दिलेल्या उत्तरात आहे : पापाचा वाटेकरी होण्यास कोणीही तयार नसताना ख्रिस्त ते आपल्या शिरावर घेतो, असे ती सांगते.

लहान गावांत व वाड्यावस्त्यांवर कबुलीचा प्रश्न अधिक नाजूक होतो. जेथे सर्वजण परस्परांना ओळखतात आणि मंडळीत मोजकीच कुटुंबे असतात, तेथे जाहीर कबुलीमुळे अपराध्याबरोबर त्याच्या पत्नीची, मुलांची आणि ज्याची हानी झाली त्याचीही अब्रू चव्हाट्यावर येऊ शकते. म्हणून ज्या वर्तुळात पाप घडले, त्या वर्तुळापुरतीच कबुली असावी, हे तत्त्व अनेक पाळक सांगतात : परमेश्वराविरुद्धचे पाप प्रार्थनेत, व्यक्तीविरुद्धचे त्या व्यक्तीजवळ आणि साऱ्या मंडळीस बाधलेले पाप मंडळीसमोर.

मुक्ती मिशनमधील पुनरुज्जीवन

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी इ.स. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. इ.स. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी असे सांगितले आहे, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. दुष्काळांच्या काळात त्यांनी दौंड तालुक्यातील केडगाव येथे शेकडो निराश्रित स्त्रिया व मुलींना आश्रय दिला आणि तेथे मुक्ती मिशन उभे राहिले.

इ.स. १९०४–०५ मध्ये वेल्समध्ये मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले होते. इ.स. १९०५च्या आरंभी रमाबाईंनी मुक्तीमध्ये नियमित प्रार्थनागट सुरू केले. जूनच्या अखेरीस तेथे असाधारण घटना घडू लागल्या. तत्कालीन वृत्तांतांनुसार मुली तासन्‌तास रडत, मोठ्याने प्रार्थना करीत आणि मनात दडवून ठेवलेले दोष उघडपणे कबूल करीत. या अनुतापानंतर तितक्याच उत्कट आनंदाचा अनुभव येत असे. पुढे मुलींचे गट आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगण्यासाठी जाऊ लागले. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी इ.स. १९०६ साली या अनुभवावर पुस्तक लिहिले आणि मुक्तीचे नाव जगभरातील पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात नोंदले गेले.

या घटनेचे सामाजिक अंगही महत्त्वाचे आहे. मुक्तीतील अनेक जणी बालविधवा, परित्यक्ता किंवा दुष्काळात सापडून फसविल्या गेलेल्या होत्या. संकटग्रस्त स्त्रियांसाठी तेथे ‘कृपासदन’ हा स्वतंत्र विभाग होता. विधवेला पतीच्या मृत्यूस जबाबदार धरणाऱ्या समाजातून आलेल्या मुलींच्या मनात स्वतःच्या दोषाची जाणीव आणि इतरांनी लादलेली लाज या दोन्ही गोष्टी एकत्र गुंतलेल्या असणे स्वाभाविक होते. आजच्या समुपदेशनात या दोहोंत काटेकोर भेद केला जातो. आपण केलेल्या अन्यायाबद्दल क्षमा मागावयाची असते. आपल्यावर झालेल्या अन्यायाबद्दल क्षमा मागण्याचे कारण नसते. तेथे गरज असते ती सांत्वनाची आणि न्यायाची.

अशाच प्रकारचे पुनरुज्जीवन जानेवारी १९०७ मध्ये कोरियातील प्योंगयांग येथे झाले. तेथील किल सॉन-जू या मंडळीच्या वडिलाने, एका मृत मित्राच्या मालमत्तेची व्यवस्था पाहताना त्यातील काही रक्कम आपण स्वतःकडे ठेवली, असे सर्वांसमोर कबूल केले आणि ती परत करण्याचे ठरविले. त्यानंतर इतरही अनेकांनी कबुली दिली. जनमानसात आदर असलेल्या व्यक्तीने आपला दोष आधी सांगितला म्हणजे इतरांना धीर येतो, याचे हे उदाहरण म्हणून दिले जाते.

क्षमा, भरपाई आणि न्याय

परमेश्वराची क्षमा आणि मानवी न्याय यांचा संबंध हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त भाग आहे. मुख्य प्रवाहातील ख्रिस्ती शिकवणीनुसार क्षमा मिळाल्याने कायद्याची शिक्षा टळत नाही आणि पीडित व्यक्तीचा न्याय मागण्याचा हक्कही संपत नाही. बॉनहोफरने इ.स. १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पश्चात्तापाविना वाटल्या जाणाऱ्या क्षमेस ‘स्वस्त कृपा’ असे नाव दिले व तिच्यावर कठोर टीका केली.

भारतातील दोन घटना या संदर्भात उल्लेखनीय आहेत. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स व त्यांचे दोन मुलगे यांना जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. खटला मात्र चालला आणि मुख्य आरोपीची जन्मठेप इ.स. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. मध्य प्रदेशात इ.स. १९९५ साली सिस्टर राणी मारिया यांची हत्या झाली. त्यांच्या धाकट्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. पश्चात्ताप झालेला तो मनुष्य सुटकेनंतर त्यांच्या कुटुंबीयांना भेटत राहिला. इ.स. २०१७ साली इंदूर येथे सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. दोन्ही ठिकाणी क्षमा आणि न्यायप्रक्रिया या दोन गोष्टी स्वतंत्रपणे घडल्या.

दीर्घकाळ न बोललेल्या अपराधाच्या कबुलीचे ऐतिहासिक उदाहरण म्हणून जॉन न्यूटन याचे नाव घेतले जाते. तरुणपणी तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचा कप्तान होता आणि पुढे अँग्लिकन पाळक झाला. समुद्रावरील नोकरी सोडल्यानंतर तीसहून अधिक वर्षांनी, इ.स. १७८८ साली, त्याने गुलामांच्या व्यापारावर पुस्तिका लिहून त्यातील आपल्या सहभागाची लाज जाहीरपणे मान्य केली. ही साक्ष त्या व्यापाराविरुद्धच्या लढ्यात उपयोगी पडली. उशिरा दिलेली कबुलीही इतरांच्या उपयोगी पडू शकते, असे यावरून दिसते. मधल्या वर्षांत जी माणसे विकली गेली, त्यांच्यासाठी मात्र ती उशिराचीच ठरली.

कायद्याची बाजू

भारतीय पुरावाविषयक कायद्यात वकील व पक्षकार यांच्यातील संवादास संरक्षण आहे. धर्मगुरू व कबुली देणारा यांच्यातील संवादासाठी तसे स्वतंत्र, स्पष्ट कलम नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पोक्सो) याच्या कलम १९नुसार अशा अपराधाची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे आणि कलम २१नुसार न कळविणे हा दंडनीय अपराध आहे. कॅथलिक धर्मनियम मात्र कबुलीच्या गुप्ततेस कोणताही अपवाद मान्य करीत नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी इ.स. २०१९ साली लैंगिक अत्याचारांची माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना देणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. कबुलीत कळलेल्या गोष्टी मात्र त्यातून वगळल्या. अशा प्रसंगी धर्मगुरू अपराध्यास स्वतः होऊन पोलिसांकडे जाण्याचा आग्रह करू शकतो. संस्काराबाहेरील समुपदेशनात ऐकलेल्या माहितीस ही गुप्तता लागू होत नाही.

टीका

या परंपरेवर अनेक बाजूंनी टीका झाली आहे. कबुलीमुळे धर्मगुरूच्या हाती लोकांची गुपिते व पर्यायाने सत्ता येते, हा आक्षेप जुना आहे. केरळमधील काही धर्मगुरूंवर कबुलीतील माहितीचा गैरवापर केल्याचे आरोप झाल्यानंतर इ.स. २०१८ साली राष्ट्रीय महिला आयोगाने कबुलीची प्रथा बंद करण्याची शिफारस केली. चर्चच्या नेत्यांनी तिला विरोध केला : दोष गैरवापर करणाऱ्याचा आहे, संस्काराचा नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरा आक्षेप असा, की सहज मिळणाऱ्या क्षमेमुळे अपराधी पुन्हा तेच करण्यास मोकळा होतो. तिसरा आक्षेप याच्या उलट आहे : पापाच्या सततच्या विचारामुळे संवेदनशील माणसे क्षुल्लक गोष्टींतही स्वतःला दोषी समजू लागतात. पीडितांवर ‘क्षमा करा’ असा दबाव आणला जातो, ही चौथी आणि अलीकडे अधिक गांभीर्याने घेतली जाणारी तक्रार आहे. क्षमा ही पीडिताने स्वेच्छेने आणि स्वतःच्या गतीने द्यावयाची गोष्ट असून तिची मागणी करण्याचा अधिकार अपराध्यास नाही, असे मत त्यामुळे अनेक धर्मचिंतक मांडतात.

आशेची संकल्पना

ख्रिस्ती विचारात आशा याचा अर्थ सर्व काही पूर्ववत होईल अशी खात्री असा नाही. दावीदाचे घर पूर्ववत झाले नाही आणि कबुलीनंतर नोकरी, मैत्री किंवा विवाह टिकेलच असे आश्वासन बायबल देत नाही. माणसाची ओळख त्याच्या सर्वांत वाईट कृत्यापुरती मर्यादित नाही आणि सत्य सांगितल्यानंतरही त्याला जगण्यासाठी व उपयोगी पडण्यासाठी जागा उरते, हा या आशेचा आशय आहे. नाकारणाऱ्या पेत्रावर पुन्हा जबाबदारी सोपविली गेली, ही कथा त्यामुळे या विषयाच्या केंद्रस्थानी राहिली.

व्यवहारात ही आशा लहान पावलांनी साकार होते, असे पाळकीय लेखनात सांगितले जाते : एका विश्वासू माणसाजवळ सत्य बोलणे, घेतलेले परत करणे, शिक्षा झाल्यास ती स्वीकारणे, ज्या परिस्थितीत अपराध घडला ती टाळणे आणि तुटलेला विश्वास पुन्हा मिळण्यास लागणारा काळ धीराने सोसणे. अपराधाच्या ओझ्याने आत्मघाताचे विचार येत असतील, तर प्रार्थनेबरोबरच वैद्यकीय व मानसोपचारविषयक साहाय्य तातडीने घ्यावे, असे आज बहुतेक मंडळ्या सांगतात. यहूदाच्या कथेतील शोकांतिका त्याच्या अपराधाइतकीच त्याच्या एकटेपणात होती. कबुलीच्या परंपरेचा मूळ हेतू हे एकटेपण संपविणे हाच आहे.